गुलामी गेली, पण जमीन कुणाची? साउथ कॅरोलिनाची गोष्ट

१८६० साली अमेरिकेत शिरगणती झाली तेव्हा साउथ कॅरोलिना राज्याची लोकसंख्या भरली ७,०३,७०८. त्यातले ४,०२,४०६ जण गुलाम होते. दर शंभर माणसांमागे सत्तावन्न माणसं दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीची. विकता येतील, गहाण टाकता येतील, मृत्युपत्रात मुलीच्या नावे लिहून देता येतील अशी. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याच राज्यात हे प्रमाण इतकं नव्हतं.

अमेरिकन यादवी युद्ध आपल्याकडे दोन ओळींत आटोपतं. उत्तर आणि दक्षिण लढले, लिंकनने गुलामगिरी संपवली. यात खोटं काही नाही. पण चार लाख माणसांना एके दिवशी ‘तुम्ही मोकळे’ असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती जातात कुठे? कुणाच्या रानात राबतात, मजुरी कोण ठरवतं? हे समजून घ्यायचं तर अख्खी अमेरिका न घेता एकच राज्य धरून बसलेलं बरं. मी साउथ कॅरोलिना धरलंय, कारण युद्ध तिथूनच सुरू झालं, आणि युद्धानंतरचा सर्वांत धाडसी प्रयोगही, कालच्या गुलामांच्या हाती राज्यकारभार येण्याचा, तिथेच झाला. हा प्रयोग का मोडला याची कारणं बरीच सांगतात. मला विचाराल तर सगळ्याची किल्ली जमिनीत आहे. ती कशी, ते पुढे येईलच.

भात, कापूस आणि मालक

या राज्याची श्रीमंती आली ती आधी भातातून आणि मग कापसातून. किनाऱ्यालगतच्या दलदलीत भरती-ओहोटीच्या पाण्यावर भातशेती व्हायची. बांध घालायचे, दारं बसवायची, पाणी आत घ्यायचं आणि वेळेवर सोडायचं, हे सगळं काम पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी केलं. त्यातले अनेक जण मुळात भात पिकवणाऱ्या मुलखातलेच होते. उन्हाळ्यात तिथे हिवताप इतका की गोरे मालक शहरात पळायचे. मागे राहायचे मुकादम आणि गुलाम. त्यामुळे किनाऱ्यावरच्या बेटांवर या लोकांची आपली वेगळी बोली, आपलं वेगळं जगणं टिकून राहिलं. त्यांना गल्ला म्हणतात, आणि ती बोली आजही बोलली जाते.

किनारपट्टीवर कामाची पद्धतही निराळी होती. दिवसभर मुकादमाच्या चाबकाखाली राबण्याऐवजी ठरावीक तुकडा नेमून दिलेला असायचा. तो उरकला की उरलेल्या वेळात स्वतःची भाजी लावा, कोंबड्या पाळा. यात दयाबुद्धी शोधू नका, मालकाचा खायला घालण्याचा खर्च त्यातून वाचायचा. पण आपल्या हाताने पिकवलेलं आपलं, ही सवय त्या लोकांना गुलामीतच लागली होती. पुढे त्यांनी जमीन मागितली ती काही उत्तरेकडच्या पुढाऱ्यांनी शिकवली म्हणून नव्हे.

वाचायला शिकवणं मात्र गुन्हा. १८३४ च्या कायद्याने गुलामाला अक्षरओळख करून देणाऱ्या गोऱ्याला दंड आणि तुरुंग, कृष्णवर्णीयाला फटके.

राज्यातल्या पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम होते. म्हणजे मूठभर जमीनदारांची ही भानगड नव्हती. वकील, डॉक्टर, पाद्री, दुकानदार, सगळ्यांचा पैसा त्यात अडकलेला. म्हणूनच लिंकन निवडून आल्याबरोबर सर्वांत आधी हेच राज्य बाहेर पडलं. २० डिसेंबर १८६० रोजी चार्ल्सटनमध्ये ठराव झाला. बाजूने १६९, विरोधात एकही नाही.

इथे एका जुन्या वादाचा निकाल लावून टाकू. ‘युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतं, राज्यांच्या हक्कांसाठी होतं,’ असं आजही ठासून सांगणारे भेटतात. साउथ कॅरोलिनाने बाहेर पडताना कारणांचं एक जाहीर निवेदन काढलं होतं. त्यातली मुख्य तक्रार अशी, की उत्तरेकडची राज्यं आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत, आपापले कायदे करून आडवी येतात. म्हणजे तक्रार होती ती दुसऱ्या राज्यांनी आपले हक्क वापरल्याचीच! त्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं असताना आपण त्यांच्या वतीने वेगळं कारण कशाला शोधायचं?

पहिला गोळा आणि पळालेले मालक

१२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्सटनच्या बंदरातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या आणि युद्ध सुरू झालं. लढाया बहुतेक दुसऱ्या राज्यांत झाल्या, म्हणून त्यांचा तपशील सोडून देतो. इथे महत्त्वाची तारीख आहे ७ नोव्हेंबर १८६१. त्या दिवशी उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी जिंकली. ब्यूफर्ट गाव आणि आसपासची बेटं, हिल्टन हेड, सेंट हेलेना, काही तासांत त्यांच्या हाती आली. मळ्यांचे मालक हाती लागेल ते घेऊन पळाले. गुलामांनाही बरोबर चला म्हणाले. बहुतेक जण गेलेच नाहीत. सुमारे १० हजार माणसं मागे राहिली. ती कायद्याने अजून गुलाम होती, पण मालक जागेवर नव्हता.

मग जे झालं ते युद्ध संपायच्या साडेतीन वर्षं आधीच झालेली पुनर्बांधणीची, म्हणजे युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्याने बसवण्याच्या खटाटोपाची, रंगीत तालीम होती. उत्तरेतून शिक्षक आले, अधिकारी आले, व्यापारीही आले. लॉरा टाउन नावाच्या बाईंनी १८६२ मध्ये सेंट हेलेना बेटावर पेन स्कूल सुरू केलं. फिलाडेल्फियाहून शार्लट फोर्टन ही कृष्णवर्णीय शिक्षिका आली. मुलांबरोबर आजी-आजोबा वयाची माणसंही बाराखडी गिरवायला बसू लागली.

एका गोष्टीवर मात्र आलेल्यांचं आणि तिथल्यांचं पटेना. सरकारला आणि व्यापाऱ्यांना हवा होता कापूस, कारण त्याला पैसा होता. बेटांवरच्या लोकांना लावायचा होता मका आणि रताळी, कारण ते खाता येतं. कापूस हे मालकाचं पीक, मका आपला, असा त्यांचा साधा हिशेब. मुक्ती म्हणजे नेमकं काय, यावरचा हा पहिला मतभेद होता आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही.

कापसाचा विषय निघालाच आहे तर एक आपल्याकडची गोष्ट. १८५८ मध्ये साउथ कॅरोलिनाचे सिनेटर जेम्स हॅमंड यांनी सिनेटमध्ये बजावलं होतं की कापूस हा राजा आहे, त्याच्याशी लढायची कुणाची छाती नाही. युद्ध लागल्यावर दक्षिणेचा कापूस बंदरांत अडकला. उत्तरेची नाकेबंदी होतीच, पण सुरुवातीला दक्षिणेनेही इंग्लंडला कोंडीत पकडायला माल मुद्दाम रोखून धरला. इंग्लंडच्या गिरण्यांनी मान तुकवली नाही, त्या मुंबईकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडचा, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत शेअरांचं वेड लागलं, प्रेमचंद रायचंद यांचं नाव घराघरांत पोचलं. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कंपन्या, पेढ्या धडाधड बुडाल्या.

आता रॉबर्ट स्मॉल्स. या माणसाला थोडी जास्त जागा देतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्या आयुष्यातून दिसते. जन्म १८३९, ब्यूफर्टमध्ये, मालकाच्या घरामागच्या खोपटात. युद्धात तो चार्ल्सटन बंदरात ‘प्लांटर’ नावाच्या आगबोटीवर सुकाणू धरायचा. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी नियम मोडून किनाऱ्यावर झोपायला गेले होते. स्मॉल्सने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर ओढली, वाटेत धक्क्यावरून बायकामुलांना आणि बाकीच्या खलाशांच्या माणसांना घेतलं, आणि बोट सोडली. प्रत्येक किल्ल्यापाशी शिट्टीची ठरलेली खूण द्यायची, ती त्याला पाठ होती. फोर्ट सम्टरसमोर कप्तानासारखाच हात बांधून उभा राहिला. अंधारात टोपी तेवढी दिसली, पहारेकऱ्यांनी जाऊ दिलं. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर दक्षिणेचं निशाण उतरवलं, पांढरी चादर चढवली आणि तोफांसकट बोट उत्तरेच्या आरमाराच्या ताब्यात दिली.

बक्षिसाचे १,५०० डॉलर मिळाले. पुढे त्याने ब्यूफर्टमधलं एक घर घेतलं. कुठलं? ज्याच्या मागच्या खोपटात जन्मला, तेच, मालकाचं.

हे शक्य कसं झालं ते नीट पाहायला हवं. बंडखोर भागांतल्या जमिनींवर अमेरिकेच्या संसदेने १८६२ मध्ये थेट कर बसवला होता. मालक पळालेले, कर भरणार कोण? थकबाकीत मळे आणि घरं जप्त झाली, लिलाव झाले. बऱ्याच जमिनी उत्तरेच्या धनिकांनी उचलल्या, पण काही लहान तुकडे सवलतीच्या दरात मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखले गेले, काही त्यांनी पैसे एकत्र करून घेतले. खरेदीखत सरकारी. हा मुद्दा लक्षात ठेवा.

एडिस्टोचं पत्र

१२ जानेवारी १८६५ ला जॉर्जियातल्या सव्हाना शहरात उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मनने वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुमच्या लोकांना काय हवंय? त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. जमीन द्या, आम्ही आमच्या कष्टाने ती कसू, हाच स्वतःला सांभाळायचा सर्वांत चांगला मार्ग, असं त्यांचं उत्तर. चार दिवसांनी शर्मनचा हुकूम निघाला. चार्ल्सटनच्या दक्षिणेकडची बेटं आणि किनाऱ्यापासून तीस मैल आतपर्यंतची सोडून दिलेली भातखाचरं मुक्त कुटुंबांना द्यायची, कुटुंबामागे जास्तीत जास्त चाळीस एकर. सुमारे ४० हजार माणसं या जमिनींवर जाऊन बसली, नांगरली, पेरली.

यात एक खोच होती. हा लष्करी हुकूम होता, ताबा मिळाला होता, पक्कं खरेदीखत नव्हतं.

एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला आणि अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफीचा सपाटा लावला, आणि माफीबरोबर जमीनही परत. ऑक्टोबर १८६५ मध्ये मुक्त लोकांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड एडिस्टो बेटावर आले. माणूस सज्जन, युद्धात उजवा हात गमावलेला. चर्च खचाखच भरलेलं. त्यांना सांगायचं होतं की ही जमीन आता जुन्या मालकांना परत करा आणि त्यांच्याशी करार करून मजुरी करा. लोक इतके खवळले की त्यांना बोलता येईना. शेवटी एका बाईने आपल्या हालांना सीमा नाही अशा अर्थाचं भजन धरलं, सगळे गाऊ लागले, तेव्हा कुठे सभा शांत झाली.

नंतर बेटावरच्या तिघांच्या समितीने हॉवर्डना पत्र लिहिलं. त्यातल्या मजकुराचा आशय असा: तुम्ही आम्हाला मालकांना क्षमा करायला सांगता. तुमचा युद्धात फक्त उजवा हात गेला, तुम्ही क्षमा करू शकाल. ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, जो त्याचंच रान त्याच्याच भावात कसायला तयार झाल्याशिवाय मला त्याच्या रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, आणि मला जमीन मिळू नये म्हणून जो इतरांशी संगनमत करतो, त्याला क्षमा करणं मला जमणार नाही.

यातला शेवटचा भाग परत वाचा. माझ्याकडे स्वतःची जमीन असती तर मी त्याच्या दारात उभाही राहिलो नसतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे, असंही त्यात म्हटलंय. युद्धानंतरच्या दक्षिणेचं अर्थकारण यापेक्षा नेमकं मला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही.

जमीन गेली. पण ब्यूफर्ट, सेंट हेलेनाच्या करलिलावातल्या जमिनी मात्र गेल्या नाहीत, कारण त्या संसदेच्या कायद्याने विकलेल्या होत्या. खुद्द स्मॉल्सच्या घरावर जुन्या हक्काने दावा लागला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८७८ मध्ये निकाल स्मॉल्सच्या बाजूने लागला. त्या एका निकालाने त्या भागातल्या कित्येक छोट्या खरेदीखतांना आधार मिळाला.

नवा कायदा, जुनीच व्यवस्था

जॉन्सनच्या आशीर्वादाने फक्त गोऱ्यांनी निवडलेल्या विधिमंडळाने डिसेंबर १८६५ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी खास कायदे केले. करारावर काम करणाऱ्याला ‘नोकर’ आणि काम देणाऱ्याला ‘मालक’ म्हणायचं, असं चक्क कायद्यात लिहिलं. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. शेतमजूर आणि घरगडी सोडून दुसरा कुठलाही धंदा करायचा तर परवाना, आणि त्याची वार्षिक फी. सुतार-लोहारासारख्या कारागिराला दहा डॉलर, दुकानदाराला शंभर डॉलर. कामधंदा नसलेला सापडला तर भटका ठरवून शिक्षा म्हणून मजुरीला जुंपायचं. गुलामी हा शब्द काढला, बाकी घडी तशीच ठेवली. लष्करी अधिकाऱ्याने जानेवारी १८६६ मध्ये हे कायदे रद्द ठरवले. पण मालकांच्या मनात काय आहे ते उत्तरेला कळून चुकलं, आणि १८६७ मध्ये संसदेने राज्य लष्कराच्या देखरेखीखाली आणून सगळ्या प्रौढ पुरुषांना, रंग न बघता, मताचा अधिकार दिला.

बहुसंख्येचं राज्य

मतदार नोंदणी झाली. कृष्णवर्णीय सुमारे ८० हजार, गोरे त्याहून बरेच कमी. जानेवारी १८६८ मध्ये चार्ल्सटनमध्ये घटना परिषद बसली. १२४ प्रतिनिधींपैकी सत्तरहून जास्त कृष्णवर्णीय, त्यातले अनेक तीन वर्षांपूर्वी गुलाम. स्मॉल्सही त्यात होता.

त्यांनी काय केलं? सूड उगवला असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्यांनी गोऱ्यांसकट सगळ्या मुलांसाठी मोफत सार्वजनिक शाळांची तरतूद केली. गरीब गोऱ्यांच्या पोरांनाही राज्याने याआधी धड शाळा दिली नव्हती! कर्जापायी तुरुंग बंद केला. विवाहित बाईची मालमत्ता नवऱ्याच्या सावकारापासून वाचवली. राज्यात पहिल्यांदाच घटस्फोटाला वाट दिली. १८७६ पर्यंत शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्या सव्वा लाखाच्या आसपास गेली, त्यात निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय.

विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीयांचं बहुमत होतं. असं दुसऱ्या कुठल्या राज्यात झालं नाही. फ्रान्सिस कार्डोझो आधी राज्याचे सचिव आणि मग खजिनदार झाले. जोनाथन राइट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसले. जॉर्जटाउनचे जोसेफ रेनी डिसेंबर १८७० मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातले पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. १८७३ मध्ये राज्याच्या विद्यापीठाची दारं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उघडली.

त्याच १८७३ मध्ये पुण्यात जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि अमेरिकेतल्या भल्या लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल, अर्पण केली. या अर्पणपत्रिकेचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ होतं. पण ती छापली जात होती तेव्हा साउथ कॅरोलिनात निकाल अजून लागायचा होता, हे कमी लोकांच्या ध्यानात येतं.

जमिनीसाठीही राज्याने एक खटपट केली. १८६९ मध्ये भूमी आयोग नेमला. मळे विकत घ्यायचे, तुकडे पाडायचे आणि हप्त्याने विकायचे. सुरुवातीला त्यात लूट झाली, पडीक जमिनी चढ्या भावाने राज्याच्या गळ्यात मारल्या गेल्या. कार्डोझोंच्या हाती कारभार आल्यावर घडी बसली आणि हजारो कुटुंबं त्यावर वसली. चार लाखांच्या मानाने थोडी, पण दुसऱ्या कुठल्या राज्याने एवढंही केलं नाही.

भ्रष्टाचाराचं बोलायलाच हवं. छपाईच्या कंत्राटांत, रेल्वेच्या रोख्यांत पैसा खाल्ला गेला. १८७२ ते ७४ चे गव्हर्नर फ्रँकलिन मोझेस तर बदनामच झाले. मोझेस गोरे आणि जन्माने तिथलेच होते, हे मात्र सांगताना गाळलं जातं. त्याच सुमाराला न्यूयॉर्क शहरात ट्वीड या गोऱ्या पुढाऱ्याच्या टोळीने तिजोरी धुऊन नेली होती, पण म्हणून न्यूयॉर्कच्या गोऱ्यांचा मताधिकार काढा असं कुणी म्हणालं नाही. मळेवाल्यांची खरी दुखरी नस होती कर. पूर्वी जमिनीवर नाममात्र कर असे. आता शाळा चालवायच्या तर जमिनीवर कर बसणार, आणि तो ठरवणार कालचे गुलाम.

लाल सदरे

मतपेटीतून हे सरकार हटत नव्हतं. संख्याच तशी होती. म्हणून मग रात्रीचे घोडेस्वार आले. १८७०–७१ मध्ये यॉर्क परगण्यात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या बुरखेधारी गुप्त टोळीने धुमाकूळ घातला. मार्च १८७१ मध्ये कृष्णवर्णीय शिबंदीचा कप्तान जिम विल्यम्स याला घरातून ओढून झाडाला टांगलं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटने नऊ परगण्यांत अटकेविरुद्धचे नेहमीचे कायदेशीर संरक्षण स्थगित केलं, फौज पाठवली, शेकडो पकडले, कोलंबियात खटले चालले. क्लॅन मोडली. सरकारने मनावर घेतलं तर हिंसा थांबते, हे त्या एका वर्षात सिद्ध झालं होतं. पुढे सरकारनेच मनावर घेणं सोडलं.

१८७६ च्या निवडणुकीआधी ८ जुलैला हॅम्बर्ग गावात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीय शिबंदीच्या लोकांना वेढलं आणि शरण आलेल्यांतून निवडून-निवडून गोळ्या घातल्या. या वेळी बुरखे नव्हते. लाल सदरे घालून, दिवसाढवळ्या, घोड्यांवरून सभा उधळायच्या. माजी जनरल मार्टिन गॅरीने तर लेखी योजनाच काढली होती. प्रत्येक डेमोक्रॅटने, म्हणजे जुन्या मळेवाल्यांच्या पक्षाच्या माणसाने, निदान एका कृष्णवर्णीयाचं मत धाकाने, पैशाने किंवा त्याला घरीच अडकवून ताब्यात ठेवायचं. एजफील्ड परगण्यात मतदारांपेक्षा मतं जास्त पडली.

निकालानंतर राज्यात दोन गव्हर्नर आणि दोन विधिमंडळं. आधीचे गव्हर्नर डॅनियल चेंबरलेन कोलंबियाच्या विधानभवनात संघराज्याच्या सैनिकांच्या आधाराने बसलेले, डेमोक्रॅटांचे वेड हॅम्प्टन बाहेर. एप्रिल १८७७ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष हेस यांनी सैनिक हलवायला सांगितले आणि खेळ संपला.

इथे कुणी विचारेल, बहुसंख्य लोक गप्प कसे बसले? गप्प बसले नव्हतेच. १८७६ मध्येच कॉम्बाही नदीकाठच्या भातमळ्यांवर मजुरांनी संप केला. मजुरी रोख न देता मालकाच्या दुकानातच चालणाऱ्या चिठ्ठ्या मिळायच्या, त्याविरुद्ध. पण आतल्या परगण्यांत बहुतेकांकडे स्वतःचं रान नव्हतं. ते बटईने कसत. बी-बियाणं, खत, मीठमिरची दुकानदाराकडून उधार, आणि त्या उधारीपोटी उभं पीक तारण. हंगाम संपला की हिशेब दुकानदाराच्या वहीत, आणि वहीत दर वर्षी थोडं अंगावर उरलेलंच. ज्याच्या रानात राहतो, ज्याच्या उधारीवर खातो, त्याच्याविरुद्ध उघड मत देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी झोपडी सोडावी लागे. तेव्हा प्रत्येक पक्षाची मतपत्रिका वेगळी छापलेली असायची, कुणाच्या हातात कुठली हे लांबूनच कळे.

किनाऱ्यावर ब्यूफर्टमध्ये मात्र हे तितकं चाललं नाही. करलिलावातल्या त्या पाच-दहा एकरांच्या तुकड्यांवर बसलेल्या माणसाला कोण हुसकावणार? स्मॉल्स तिथून १८८० च्या दशकातही प्रतिनिधिगृहावर निवडून गेला. मी जमिनीला किल्ली म्हणतो ते एवढ्यासाठी.

मग कायद्याने बंदोबस्त झाला. १८८२ च्या कायद्याने मतदान केंद्रावर आठ पेट्या ठेवल्या, प्रत्येक पदाची वेगळी. चुकीच्या पेटीत टाकलेलं मत बाद. पेटीवर नाव लिहिलेलं, पण ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचं? वाचायला शिकवणं गुन्हा असतानाच्या पिढीला हा चाप बरोबर बसला. कुणी क्रम पाठ करून आला तर अधिकारी पेट्या हलवून ठेवत.

१८९५ मध्ये गोऱ्यांचा पुढारी बेन टिलमन याने नवी घटना लिहून घेतली. हॅम्बर्गच्या हत्याकांडात आपण होतो हे तो जाहीर सभांतून मिरवायचा. मतदाराला लिहिता-वाचता यायला हवं किंवा ३०० डॉलरची मालमत्ता हवी, शिवाय मतदानासाठी कर भरलेला हवा. सुरुवातीच्या काही वर्षांपुरती घटनेतलं कलम ऐकून ‘समजतं’ असं दाखवण्याची सोय, आणि समजलं की नाही ते ठरवणारा गोरा अधिकारी. परिषदेत १६० प्रतिनिधी, त्यात कृष्णवर्णीय फक्त सहा. सहापैकी पाच ब्यूफर्टचे. त्यातल्या थॉमस मिलरने उभं राहून हिशेब मांडला: आठ वर्षं सत्ता होती, तेवढ्यात आम्ही शाळा बांधल्या, पूल उभारले, होड्यांच्या फेऱ्या चालू केल्या, धर्मादाय संस्था काढल्या. मतांवर काही परिणाम झाला नाही. स्मॉल्सने नव्या घटनेवर सही करायला नकार दिला. सही न करणाऱ्याला प्रवासखर्च मिळणार नाही असं कळल्यावर तो म्हणाला, मी ब्यूफर्टला चालत जाईन.

१८९७ मध्ये प्रतिनिधिगृहातले कृष्णवर्णीय सदस्य जॉर्ज मरे यांची मुदत संपली. त्यानंतर साउथ कॅरोलिनातून कृष्णवर्णीय माणूस प्रतिनिधिगृहात गेला तो थेट १९९३ मध्ये, जेम्स क्लायबर्न.

राहता राहिली ती बेटांवरची जमीन. आजोबा-पणजोबांनी लिलावात घेतलेल्या त्या तुकड्यांचं मृत्युपत्र बहुतेकांनी केलं नाही. गोऱ्या वकिलावर आणि कोर्टावर विश्वास ठेवायला त्यांच्याजवळ कारणही नव्हतं. त्यामुळे चार-पाच पिढ्यांनी मालकी सामाईक झाली. वाटणी न झालेल्या सातबाऱ्यावर पन्नास नावं असतात, तसंच. १९५६ मध्ये हिल्टन हेडला पूल झाला, गोल्फची मैदानं आणि सुट्टीचे बंगले आले, किनाऱ्याच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. मग बिल्डरांनी सोपी युक्ती काढली. दूर न्यूयॉर्कला गेलेला एखादा चुलतभाऊ गाठायचा, त्याचा हिस्सा घ्यायचा, आणि हिस्सेदार म्हणून कोर्टात वाटणी मागायची. तुकडे पाडता येत नाहीत म्हटल्यावर कोर्ट अख्ख्या जमिनीचा लिलाव काढणार, आणि लिलावात रोख रक्कम कुणाकडे असणार ते उघडच आहे.

यावर राज्याने कायदा केला २०१६ मध्ये. आता कुणी वाटणी मागितली तर आधी तटस्थ मूल्यांकन करावं लागतं आणि बाकीच्या वारसांना तो हिस्सा विकत घेण्याची पहिली संधी मिळते. कायद्याला नाव दिलंय क्लेमेंटा पिंकनी यांचं. ते राज्याच्या सिनेटचे सदस्य आणि चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चचे पाद्री होते. १७ जून २०१५ रोजी एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने त्या चर्चमध्ये गोळ्या घालून मारलेल्या नऊ जणांत तेही होते. त्यांच्या मतदारसंघात ब्यूफर्ट परगण्याचाही भाग येत होता.